काम काय करत होता?

मे महिन्याचा शेवट म्हणजे कामठीत छपरं नीट करायचे दिवस. एखादी अवकाळी वावटळ येऊन जाते, दोन-चार घरांचे सिमेंटचे पत्रे तडकतात, आणि पाऊस लागायच्या आत मिस्त्री शिडी घेऊन हजर होतो. आमच्या गल्लीत असंच एक काम चाललं होतं. नवा पत्रा वीतभर लांब भरला. मिस्त्रीने तो ओट्यावर आडवा टाकला, एका पायाने दाबून धरला आणि ग्राइंडर लावला. पांढऱ्या धुळीचा झोत त्याच्या गुडघ्यावरून मागे गेला आणि ओट्याखाली बसलेल्या बकरीच्या पाठीवर, दोरीवर वाळत घातलेल्या साडीवर जाऊन बसला. त्याने गमछाने तोंड पुसलं आणि तोच गमछा पुन्हा गळ्यात टाकला. घरातल्या बाईने कोरड्या झाडूने धूळ एका कोपऱ्यात केली. सगळं काम दहा मिनिटांचं.

विदर्भात या पत्र्याला मान आहे, त्याला कारण आपला उन्हाळा. टिन इतकं तापतं की दुपारी त्याखाली बसवत नाही. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात आणि ते फेरणारी माणसं आता मिळत नाहीत. सिमेंटचा पत्रा स्वस्त, टिकाऊ आणि टिनापेक्षा थंड. एवढ्या पातळ पत्र्याला बळ येतं ते सिमेंटमध्ये मिसळलेल्या तंतूंमुळे. हे तंतू बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढे.

त्या धुळीत काय आहे हे जगाला कळलं ते मात्र छपरांवरून नव्हे. ते कळलं खाणींतून, गिरण्यांतून, आणि सगळ्यात मोठ्या प्रमाणावर जहाजांच्या गोद्यांतून. म्हणून कामठीच्या ओट्यावरची ही गोष्ट मुंबईच्या बंदरातून फिरवून आणावी लागते. रेल्वेने ते अंतर साडेआठशे किलोमीटरच्या घरात आहे.

कामठी हातमागाचं गाव. सूत म्हणजे काय हे इथे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस इथल्या माणसाला चटकन समजतं: ते दगडाचं सूत आहे. खाणीतून निघणारं हे खनिज कापसासारखं पिंजता येतं, त्याची दोरी वळता येते, कापड विणता येतं, आणि ते कापड आगीत जळत नाही. ते उष्णता अडवतं आणि कुजत नाही. त्याची दोन घराणी आहेत. एकात पांढरं क्रायसोटाइल येतं. दुसऱ्यात निळं क्रोसिडोलाइट, तपकिरी अमोसाइट आणि आणखी काही प्रकार. आज पत्र्यांत वापरतात ते पांढरं. निळ्या-तपकिरीपेक्षा ते सौम्य असल्याचा प्रचार पुष्कळ झाला, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सगळेच प्रकार माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत.

कापसाशी असलेलं साम्य मात्र एका जागी सुटतं. कापसाचा तंतू तुटला की आखूड होतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि दर वेळी अधिक बारीक. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो. फुप्फुसात खोल पोचणारा तंतू एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असू शकतो. असे तंतू हवेत तासन् तास तरंगतात. ओट्यावर दिसली ती जाड धूळ. ती खाली बसली, बाईने झाडली. जी दिसली नाही ती बराच वेळ तिथेच, श्वासाच्या उंचीवर होती, आणि कोरड्या झाडूने ती पुन्हा उठली.

असा तंतू लांब असूनही हवेच्या प्रवाहात सरळ होऊन पार शेवटच्या वायुकोशापर्यंत जातो. तिथे शरीराच्या भक्षक पेशी राखण करत असतात. धुळीचा कण आला की गिळायचा, हे त्यांचं काम. पण ही पेशी दहा-वीस मायक्रॉनची आणि तंतू कधी तिच्यापेक्षा लांब. ती अर्धा गिळते, अर्धा बाहेर राहतो. या झटापटीत पेशी मरते, तिच्यातली दाहक रसायनं आसपास सांडतात, तंतू तसाच राहतो आणि दुसरी पेशी त्याच्यावर चालून येते. हे वर्षानुवर्षं चालतं. काही तंतूंवर शरीर लोहाचा थर चढवतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते सोनेरी-तपकिरी, दोन्ही टोकांना गोळे असलेल्या काडीसारखे दिसतात. दगड पचवू न शकलेल्या शरीराने त्याला गुंडाळून ठेवायचा केलेला तो प्रयत्न असतो.

दाह झालेल्या जागी व्रण होतात आणि व्रणांची जाळी पसरली की मऊ फुप्फुस चामड्यासारखं आवळत जातं. याला अ‍ॅस्बेस्टोसिस म्हणतात. आधी जिना चढताना दम लागतो, पुढे सपाटीवर चालताना, शेवटी अंघोळ करतानाही. खोकला कोरडा असतो. काहींच्या बोटांची टोकं फुगतात. डॉक्टरांनी पाठीवर खालच्या बाजूला नळी लावली तर श्वास घेताना वेल्क्रोची पट्टी उघडल्यासारखा बारीक चरचर आवाज येतो. आवळलेलं फुप्फुस पुन्हा मऊ करणारं औषध नाही. याशिवाय फुप्फुसाचा कर्करोग होतो. आणि होतो मेसोथेलिओमा: फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो एरवी फारच दुर्मीळ. निदानानंतर बहुतेकांना वर्ष-दीड वर्षापलीकडे आयुष्य मिळत नाही. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेत जे. सी. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी केप प्रांतातल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या पट्ट्यातले असे 33 रुग्ण एकत्र मांडले. त्यातल्या काहींनी खाणीत कधी कामच केलं नव्हतं. त्यांचं फक्त लहानपण खाणीच्या शेजारी गेलं होतं.

या सगळ्या आजारांना वेळ लागतो. वीस वर्षं, तीस, चाळीस, कधी त्याहून जास्त. अपघातात हात गेला तर कुणाच्या यंत्रात गेला हे सगळ्यांना दिसतं. इथे मात्र तिशीत घेतलेला श्वास साठीत अडतो, आणि तोवर कारखाना बंद, ठेकेदार बेपत्ता, सोबतचे लोक गावोगाव पांगलेले.

बिडीबद्दल कामठीत बोलायलाच हवं, कारण बिड्या वळून इथली कित्येक घरं चालली आहेत. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांच्या धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. अमेरिकेत 1979 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दोन्हींपासून दूर असलेल्या माणसाच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका फक्त अ‍ॅस्बेस्टॉसमुळे सुमारे 5 पट, फक्त धूम्रपानामुळे सुमारे 11 पट आणि दोन्ही असतील तर 50 पटींहून अधिक निघाला. ज्याच्या अंगात तंतू आधीच गेले आहेत त्याला ते काढता येत नाहीत. बिडी मात्र आज सोडता येते, आणि त्याने धोका खरोखर उतरतो.

आता जहाज. वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेच्या पोटात बॉयलर, टर्बाइन आणि नळांचं जंगल असतं. नळांतली वाफ चारशे अंशांच्या आसपास. नळ उघडा ठेवला तर माणूस भाजेल, वाफ थंड होईल, शेजारच्या तेलाला आग लागेल. म्हणून प्रत्येक नळावर, प्रत्येक वळणावर आणि झडपेवर अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण चढायचं. कामगार त्याला लॅगिंग म्हणतात. बादलीत पूड ओतायची, पाणी घालून हाताने कालवायची, लगदा नळावर थापायचा, वरून कापड गुंडाळायचं. सगळ्यात वाईट काम दुरुस्तीचं: जुनं, वाळून ठिसूळ झालेलं आवरण हातोडी-छिन्नीने फोडायचं. जागा लोखंडी डब्यासारखी बंद, वारा नाही. फोडणारा एक, पण त्याच खोलीत वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, रंगारी आपापलं काम करत असायचे आणि तीच हवा सगळे घ्यायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका-ब्रिटनच्या गोद्यांत लाखो लोक असे राबले. त्यांच्या मेसोथेलिओमाची लाट आली ती 1970 नंतर. कामगारांच्या बायकाही त्यात होत्या. नवऱ्याचे कपडे झटकून धुणं, एवढाच त्यांचा धुळीशी संबंध.

हा धोका आकड्यांत पकडायला डॉ. अर्विंग सेलिकॉफ यांना एक यादी उपयोगी पडली. न्यूयॉर्क परिसरातल्या आवरणकाम करणाऱ्यांच्या युनियनकडे सभासदांची नोंद होती. 1942 अखेर त्या यादीत असलेल्या 632 जणांचं पुढे काय झालं, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शोधलं आणि 1964 मध्ये छापलं. फुप्फुस आणि त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने साधारणपणे 6 ते 7 मृत्यू अपेक्षित होते. झाले होते 45. युनियनने वहीत नावं जपली नसती तर हे 45 मृत्यू 45 वेगवेगळ्या घरांतली दुखणी म्हणूनच विरून गेले असते.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली पहिली मोठी युद्धनौका म्हणजे ‘नीलगिरी’. ब्रिटिश लिअँडर वर्गाची, वाफेच्या टर्बाइनवर चालणारी, 1972 मध्ये नौदलात आली. त्या घटनेचा अभिमान योग्यच आहे. पण लिअँडर वर्गाच्या ब्रिटिश नौका तिकडे अ‍ॅस्बेस्टॉससाठी कुप्रसिद्ध झाल्या, आणि त्या काळी जगातल्या कुठल्याही गोदीत अशा नळांवर दुसरं काही फारसं चढवत नसत. नौका बांधणाऱ्या इंजिनिअरांची नावं पुस्तकांत आहेत. नळांना आवरण चढवणाऱ्यांची छाती नंतर कुणी तपासली का, हा प्रश्नही तितक्याच आदराने विचारायला हवा.

जहाज बांधताना एकदा धूळ उडते, तोडताना दुसऱ्यांदा. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका मुळात 1945 मध्ये ब्रिटनमध्ये जलावतरण झालेली. 1961 मध्ये ती आपल्या नौदलात आली, 1997 मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 च्या नोव्हेंबरात मुंबईतच, दारूखाना या जहाजतोडणीच्या आवारात, तिचं तोडकाम सुरू झालं. तिच्या पोलादातून पुढे मोटरसायकली निघाल्या, त्याच्या जाहिराती आपण पाहिल्या. त्या पिढीच्या वाफेच्या जहाजाच्या पोटात नळांवर काय असतं, हे जाहिरातीत येत नाही. दारूखान्यात कापणारे बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले रोजंदारीवरचे लोक. गॅसकटरची ज्योत नळावर धरली की आधी आवरण सुटतं, मग लोखंड.

फ्रान्सने ‘क्लेमांसो’ ही विमानवाहू नौका गुजरातमधल्या अलंगला तोडायला पाठवली, तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉसवरून एवढं वादळ उठलं की 2006 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावली. शेवटी ती इंग्लंडमध्ये तोडली गेली. नव्या जहाजांवर अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला 2002 पासून बहुतांश आणि 2011 पासून पूर्ण आंतरराष्ट्रीय बंदी आहे. भारताने 2019 मध्ये जहाज पुनर्चक्रणाचा कायदा केला, आणि जहाजावर घातक माल कुठे-किती आहे याची यादी सक्तीची करणारा हाँगकाँग करार 26 जून 2025 रोजी लागू झाला. पुन्हा यादीच. तोडणाऱ्याच्या हाती ती आधी पोचली तर तो नळ ओला करून, मुखवटा लावून आवरण काढू शकतो.

आपल्याकडच्या कामगारांची छाती तपासली गेली तेव्हा काय दिसलं? मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांचा डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. 181 कामगारांपैकी 41 जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस होता, म्हणजे दर पाचांत एकापेक्षा जास्त. त्याच लेखात त्यांनी लिहिलं आहे की देशात अंदाजे 1 लाख कामगार अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात असताना भरपाई मिळालेल्यांची संख्या 30 सुद्धा नव्हती. कारणं त्यांना नीट दिसली होती: व्यवस्थापन कामगाराला त्याचीच वैद्यकीय कागदपत्रं देत नाही, आणि डॉक्टरांना हा आजार कामातून आल्याचं ओळखू येत नाही.

कायदा आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाना अधिनियमात धोकादायक कामांचं प्रकरण आणि हवेतल्या घातक द्रव्यांच्या मर्यादा आल्या. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉससाठी त्यात मर्यादा घातली ती हवेच्या दर मिलिलिटरला 1 तंतू. ऐकायला हे कडक वाटतं. पण मेहनतीचं काम करणारा माणूस आठ तासांत साधारण 10 घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे 1 कोटी मिलिलिटर. मर्यादा तंतोतंत पाळली तरी एका पाळीत 1 कोटी तंतू. अमेरिकेतली मर्यादा याच्या दहाव्या हिश्श्यावर आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कर्करोगाच्या बाबतीत सुरक्षित म्हणावी अशी मर्यादाच नाही. साठाहून अधिक देशांनी वापर थांबवला. आपण खाणकामाचे नवे परवाने 1986 मध्ये थांबवले, पण आयात चालू आहे. दरवर्षी काही लाख टन. ‘नियंत्रित वापर’ हा उद्योगाचा आवडता शब्द. तो कारखान्याच्या फाटकापर्यंत कदाचित पाळला जात असेल. आमच्या गल्लीतल्या ओट्यावर नियंत्रण करायला कुणी नव्हतं.

कामठी तालुक्यातच कोराडी आहे. तिथल्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच 1974 चा. वीजकेंद्र म्हणजे जमिनीवर उभं केलेलं वाफेचं जहाजच: तोच बॉयलर, तीच टर्बाइन, तसेच तापलेले नळ. सत्तरच्या दशकात जगभरच्या वीजकेंद्रांत आवरण, गास्केट आणि झाकणांच्या फटीत भरायच्या दोऱ्या सर्रास अ‍ॅस्बेस्टॉसच्या असत. कोराडीत त्या काळचे बहुतेक संच आता बंद झाले आणि 660 मेगावॅटचे तीन नवे उभे राहिले. आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं तिथे ठेकेदाराकडे खलाशी, हेल्पर, वेल्डर, लॅगिंगवाले म्हणून लागली होती. तीच आता साठी-सत्तरीची आहेत. दम लागला म्हणून ती दवाखान्यात जातात. एक्स-रेवर सावल्या दिसतात. आपल्याकडे अशी सावली दिसली की पहिला शब्द येतो टीबी, आणि तसं वाटण्यात डॉक्टरांची चूकही नाही, कारण टीबी आहेच पुष्कळ. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, सहा महिन्यांच्या गोळ्या होतात, दम तसाच राहतो.

इथे एक प्रश्न हवा असतो. तो विचारायला 1700 साली इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने सांगून ठेवलं आहे. रोग्याला आपण पुष्कळ प्रश्न विचारतो, त्यात आणखी एक घाला, असं तो म्हणाला: तुम्ही काम काय करता? म्हाताऱ्या रोग्याला तोच प्रश्न भूतकाळात विचारायचा. काम काय करत होता? नुसतं ‘थर्मलला होतो’ हे उत्तर पुरत नाही. कुठल्या साली, किती वर्षं, बॉयलरवर की ऑफिसात, आवरण फोडलं का, शेजारी कुणी फोडत होतं का, कपडे घरी कोण धुवायचं. एवढं कळलं तर डॉक्टर छातीचा बारीक काप दाखवणारा सीटी स्कॅन आणि फुंकून करायची चाचणी सांगतील, आणि चित्र स्पष्ट होईल. अ‍ॅस्बेस्टोसिस आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला कर्करोग हे कामगार भरपाईच्या कायद्यातले व्यवसायजन्य आजार आहेत. दावा करायला मात्र कामाचा पुरावा लागतो.

पत्र्यांबद्दल घाबरून जाऊ नये. छपरावर धड बसलेला, न तुटलेला पत्रा फारसे तंतू सोडत नाही. धोका तो कापताना, भोकं पाडताना, ब्रशने घासून धुताना, फोडताना. दुकानात वेगवेगळ्या लांबीचे पत्रे मिळतात. माप घेऊन गेलं तर बहुतेकदा कापावं लागतच नाही. अ‍ॅस्बेस्टॉसविना तंतूंचे पत्रेही निघाले आहेत, ते मागावेत. कापणं टळतच नसेल तर पत्रा पाण्याने चिंब करून हाताच्या करवतीने, उघड्यावर, पोरांना दूर ठेवून कापावा, आणि चुरा ओल्या फडक्याने उचलावा. ग्राइंडर अजिबात नको. गमछा हे तंतू अडवत नाही. तोंडावर घट्ट बसणारा, बारीक धूळ अडवणारा मुखवटा लागतो. तुटके तुकडे नाल्यात किंवा अंगणात भर म्हणून टाकू नयेत. तुडवले गेले की त्यांचा पुन्हा चुरा होतो. हे मिस्त्रीला सांगायची जबाबदारी घरमालकाची आहे. त्या दिवशी मी ओसरीत उभा होतो आणि बोललो नाही, याची मला आजही टोचणी आहे. दुसऱ्या दिवशी त्याला गाठून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘भाऊ, वीस वर्षं झाली हेच करून राहिलो.’

27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचा आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला, आणि अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना सांगितलं की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर जपा. निकाल त्या कारखान्यांपुरता होता. वीजकेंद्रातल्या माणसाला याच मापाने मोजलं तर, 1974 मध्ये विसाव्या वर्षी लागलेल्या आणि 2012 मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या कायम कामगाराच्या नोंदी 2027 पर्यंत हाती असायला हव्यात. त्याच बॉयलरवर त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या माणसाची नोंद फक्त त्याच्या घरच्या पेटीत असते: पिवळा पडलेला गेटपास, पीएफची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, चार सोबत्यांबरोबर काढलेला एखादा फोटो. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी ती पेटी उघडावी, साल आणि काम एका कागदावर लिहून काढावं, फोटोतल्या चौघांची नावं त्याच्या मागे लिहावीत, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तो कागद सोबत न्यावा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तो पुढे करावा आणि केसपेपरवर उतरवून घ्यावा.